गाणं चालू, आवाज बंद

पंचशीलाताईंच्या आणि आमच्या घराची मधली भिंत एकच होती. त्यांच्याकडचं गाणं मध्येच बंद पडलं की मला ते आमच्या स्वयंपाकघरात कळायचं. गाणं पूर्ण होऊन संपलं तर कानाला समजतही नाही, माणूस आपल्या कामात असतो. पण ओळ अर्ध्यावर तुटली की हातातलं लाटणं थांबतं. त्या वर्षी माझं लाटणं असं कितीदा तरी थांबलं. त्यामागं काय होतं ते मला फार उशिरा, ताईंच्याच तोंडून कळलं.

ताई मूळच्या हिमायतनगरच्या. वडील मजुरी करायचे, पण गावात त्यांची ओळख गायन पार्टीतले पेटीवाले अशी होती. जयंतीच्या महिन्यात ते घरी कमी आणि गावोगावच्या मंडपात जास्त असायचे. एरवी घरात तालमीला जमलेली माणसं, ढोलकी, झांजा, चहाचं आधण. ताई सांगायच्या, त्यांच्याकडं लेकरं रडायचीसुद्धा सुरात. पहिलं लग्न वर्षभरात मोडलं, त्या माहेरी परत आल्या आणि शिवणकामावर राहिल्या. तिशी जवळ आली तेव्हा लातूरचं स्थळ आलं. माणूस सरकारी नोकरीत, व्यसन नाही, पहिली बायको किल्लारीच्या भूकंपात गेलेली. नाव संघपाल. विहारात लग्न लागलं आणि ताई आमच्या गल्लीत आल्या.

सुरुवातीला त्यांच्या बोलण्याला बायका हसायच्या. "स्वयंपाक करून राहिले," "पाणी येऊन राहिलं," असं आमच्याकडं कुणी बोलत नाही. ताईही त्यांच्याबरोबर हसायच्या.

संघपालभाऊ मात्र वेगळ्या वळणाचे. पाटबंधारे खात्यात शिपाई म्हणून लागले आणि पुढं कारकून झाले. तेरणेच्या काठचं त्यांचं गाव पडलं होतं, त्या भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर ती नोकरी. त्यांना आवाज चढवून बोलताना मी कधी ऐकलं नाही. दिवाणावर ते झोपत नसत. बाहेरच्या खोलीत, दाराजवळ, शहाबादी फरशीवर सतरंजी टाकून झोपायचे. घर बांधतानाही त्यांनी भिंतीला दगड लावू दिला नाही. गवंड्यानं पायाला तरी दगड घेऊ म्हटलं, तर ते उठून निघून गेले होते म्हणे.

पहिल्या बायकोचं नाव वच्छला, एवढंच ताईंना माहीत होतं. तिचा फोटो नव्हता. तिचं लुगडं, डबा, बांगडी, काहीच त्या गावाहून आलं नव्हतं. नवी नवी असताना ताईंनी एकदा विचारलं होतं, कशी होती ती. भाऊ "चांगली होती" म्हणाले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. जेवायला बोलावलं तरी बराच वेळ आत आले नाहीत. ताईंनी पुन्हा विचारलं नाही.

तोवर लातूर बदलायला लागलं होतं. दहावी-बारावीच्या निकालांनी गावाचं नाव झालं आणि चहूकडून मुलं-मुली ट्रंका घेऊन उतरू लागल्या. डाळ मिलच्या रस्त्यावर क्लासच्या पाट्या लागल्या. ज्याच्या घराला गच्ची होती त्यानं गच्चीवर पत्र्याच्या खोल्या काढल्या. ताईंनीही काढल्या, मुलींसाठी. डबाही त्याच करून द्यायच्या. उदगीर, देगलूर, कंधारकडच्या मुली त्यांच्याकडं टिकून राहायच्या, कारण पोळी गरम मिळायची आणि आजारपणात ताई उशाशी बसायच्या.

दिवसभर चुलीपुढं उभं राहायचं तर ताईंना गाणं लागायचं. आधी टेप होता. मग कॅसेटी मिळेनाशा झाल्या. एका क्लासवाल्यानं नवे कॉम्प्युटर घेतले आणि जुने काढून टाकले, त्यातला एक ताईंनी घेतला. मुलींना निकाल बघायला होईल असं त्या म्हणायच्या, पण खरं कारण गाणी हेच होतं. दोन छोटे स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा एक मोठा डबा, ज्याला सगळे वूफर म्हणायचे, असा संच आला. एका सीडीत शंभर-शंभर गाणी. भीमगीतं, जुनी सिनेमातली, कव्वाल्या. बाहेरच्या खोलीत, आमच्या भिंतीच्या बाजूला टेबल मांडलं. पहिल्या दिवशी वूफरचा आवाज फरशीतून आमच्या पायांना लागला. ताई पदरानं हात पुसत खोलीच्या मधोमध उभ्या राहून ऐकत होत्या. भाऊ दारात होते. पुढं बोलता बोलता ताई म्हणाल्या, "मी त्या दिवशी त्यांच्या तोंडाकडं बघितलंच न्हाई."

दोन-तीन आठवडे बरे गेले. मग एका सकाळी गाणं तुटलं. ताई बाहेर येऊन बघतात तर पडद्यावर गाणं चालूच. आकडे पुढं सरकताहेत, रंगीत पट्ट्या वरखाली उड्या मारताहेत आणि खोलीत चिडीचूप. त्यांना ते बघून कसंतरी झालं. माणसाचे ओठ हलावेत आणि आवाज येऊ नये, तसं.

त्यांनी जिलानीभाईंना बोलावलं. जिलानीभाई गंजगोलाईच्या बाजाराजवळच्या जुन्या घरातले. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, टेप गेले, तसे ते कॉम्प्युटरकडं वळले. पन्नाशीचे, पान खाणारे, सावकाश बोलणारे. दुसऱ्याला शिकवायची त्यांना हौस होती.

"ताई, आवाज कुठं मरतो ते आधी बघायचं," ते म्हणाले. मग त्यांनी ताईंना एकेक दाखवलं. पडद्यावर आकडे सरकताहेत का बघायचं. सरकत असले तर गाणं चालू आहे, दोष पुढं आहे. कोपऱ्यातल्या भोंग्याच्या चित्रावर फुली नाही ना, ते बघायचं. वूफरवरचा दिवा बघायचा. मग मागची हिरव्या तोंडाची पिन काढायची आणि तिच्या टोकाला बोट लावायचं. स्पीकर घुरघुरला तर तो जिवंत आहे, दोष डब्यात आहे. ताईंनी बोट लावलं. वूफर असा घुमला की फरशी थरारली. आणि दारात बसलेले भाऊ ताडकन उठून रस्त्यावर गेले.

जिलानीभाईंनी मान हलवली. भूकंपानंतरची दोन वर्षं त्यांची आईसुद्धा अंगणात झोपली होती. त्यांनी घुरघुर लगेच बंद केली आणि भाऊंना हात धरून आत आणलं.

त्या वेळचा दोष खरा होता. पिन बसते ती खोबण आतून ढिली झाली होती. जिलानीभाईंनी दुसरं साऊंड कार्ड टाकलं. आवाज आला, तो आधीपेक्षा स्वच्छ. ताईंनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पण त्यानंतरही गाणं तुटायला लागलं. रोज नाही. कधी चार दिवस काही नाही, मग एकाच दिवशी दोनदा. जिलानीभाई यायचे तेव्हा सगळं व्यवस्थित वाजायचं. त्यांना ते खटकायला लागलं. सीडीवर ओरखडे असतील म्हणून त्यांनी गाणी आत कॉम्प्युटरमध्ये घेतली. उंदरानं वायर कुरतडली असेल म्हणून सगळी वायर हातानं चाचपली, मग बदलली. आतली धूळ काढली. विंडोज पुसून नवं टाकलं. भारनियमनात वीज आली-गेली की झटका बसतो म्हणून यूपीएस आणून दिला. घरात तीच चर्चा. ताई भाजीवालीलासुद्धा सांगायच्या की आमचा आवाज मरून राहिला.

भाऊ त्या वेळी घरातच असायचे बहुतेकदा. सकाळी ऑफिसला जायच्या आधी नाही तर सुट्टीच्या दिवशी. ताई आतून विचारायच्या, "बंद केलं काय हो तुमी?" आणि भाऊ म्हणायचे, "न्हाई. आपसूक पडलं."

नवऱ्याच्या शब्दावर शंका घ्यावी असं ताईंच्या मनातही आलं नाही. त्यांचा संशय गेला वरच्या मुलींवर. त्यातही रुखसारवर. रुखसार देगलूरची, बारावीला होती. वडील तिकडं कापडाचं दुकान चालवायचे. मुलगी हुशार आणि फटकळ. परीक्षा जवळ आली तेव्हा ती एकदा खाली येऊन म्हणाली होती की मावशी, वूफर कमी करा, पाठांतर होत नाही. ताईंनी कमी केलाही होता. पण आता त्यांना ते आठवलं. डबे घ्यायला मुली बाहेरच्या खोलीतून आत येत. जाता-येता हात मागं घालायला किती वेळ लागतो.

एका रविवारी सकाळी रुखसार डबा घेऊन गेली आणि लगेच गाणं तुटलं. ताईंनी तिला जिन्यावरच गाठलं. आवाज आमच्या घरात येत होता. रुखसार म्हणत होती, मी हात लावला नाही. ताई म्हणत होत्या, मग कोण, भूत लावतं का हात? भाऊ बाहेरच्या खोलीच्या दारात होते. मी खिडकीतून बघितलं, ते मान खाली घालून उभे होते. मुलगी त्यांच्याकडं बघत होती, निदान त्यांनी तरी काही बोलावं म्हणून. ते बोलले नाहीत.

रुखसारनं त्याच आठवड्यात खोली सोडली. परीक्षेच्या तोंडावर. जाताना तिनं खोली झाडून दिली आणि किल्ली माझ्याकडं ठेवली. ताईंच्या हातात दिली नाही.

तिच्या जागी कुणी आलं नाही. आणि त्या रिकाम्या खोलीखाली गाणं पुन्हा तुटलं.

ती सुट्टीच्या दिवसाची दुपार होती. मुली क्लासला गेल्या होत्या. ताई आत मेथी निवडत बसल्या होत्या. ओळ अर्ध्यात गेली. ताईंनी उठून जिलानीभाईंना फोन करायचं ठरवलं आणि मग वाटलं, किती वेळा त्या माणसाला पळवायचं, आपणच बघू. आवाज कुठं मरतो ते आधी बघायचं. त्या अनवाणी बाहेरच्या खोलीत आल्या. पडदा बघितला. आकडे सरकत होते. भोंग्याच्या चित्रावर फुली नव्हती. वूफरचा दिवा लागलेला होता. पिन बघायला त्या टेबलाच्या बाजूनं वळल्या आणि तिथं, टेबल आणि भिंतीच्या मधल्या जागेत, भाऊ पालथे पडले होते.

ताईंना वाटलं, चक्कर आली. पण त्यांचे डोळे उघडे होते. एक कान फरशीला लावलेला, एक तळहात फरशीवर सपाट. दुसऱ्या मुठीत हिरवी पिन होती.

"काय झालं? पडले काय तुमी?"

भाऊंनी पिन धरलेल्या हाताचं एक बोट वर केलं. गप, असं. ताई जागेवर थांबल्या. त्यांनी मला सांगितलं की त्या वेळी त्यांना रागही आला नाही आणि भीतीही वाटली नाही, त्या नुसत्या पिनीकडं बघत राहिल्या. पडद्यावरचं गाणं बिनआवाजाचं संपलं आणि दुसरं सुरू झालं. मग भाऊ हळूच म्हणाले, "थांबला."

"कोण थांबला?"

"आवाज."

"कुणाचा?"

"तिचा," भाऊ म्हणाले.

ताई खाली बसल्या. भाऊ तसेच पडून राहिले आणि जे इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं ते त्यांनी भिंतीकडं तोंड करून सांगितलं.

त्यांचं जुनं घर कुडाचं होतं, काड्यांवर माती लिंपलेलं, वस्तीतल्या बहुतेक घरांसारखं. भाऊ तेव्हा मुरूडला डाळ मिलमध्ये कामाला होते. चार पैसे गाठीला आले तसं त्यांच्या मनात आलं की गावातल्या मोठ्या घरांसारखं आपलंही दगडाचं घर पाहिजे. वच्छला नको म्हणत होती, कूड बरा, उन्हाळ्यात गार राहतो म्हणत होती. त्यांनी ऐकलं नाही. भूकंप झाला त्याच वर्षी दगडमातीच्या रुंद भिंती उभ्या केल्या. पहाटे जमीन हलली तेव्हा ते मुरूडला पाळीवर होते. दुपारी गावात पोचले. कुडाच्या घरांतली माणसं बाहेर बसली होती, जिवंत. त्यांच्या घराच्या जागी दगडांचा ढीग होता.

ते हातानं दगड काढत राहिले. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी ढिगावर वाकले असताना त्यांना खालून आवाज आला. बाईचा. शब्द कळले नाहीत, पण हाक होती. त्यांनी कान लावला. तेवढ्यात रस्त्यावर एक टेम्पो येऊन थांबला. कुठल्यातरी गावच्या मंडळाची पोरं भाकरी आणि पाण्याचे कॅन घेऊन आली होती. भूकंपाच्या आदल्या रात्रीच्या गणपती विसर्जनाला बांधलेले भोंगे टेम्पोवर तसेच होते. पोरं माईकवरून भाकरी घ्यायला या म्हणून ओरडायची, आणि माईक बंद केला की टेपवरचं गाणं मोठ्यानं सुरू व्हायचं. त्यांच्या लक्षातही नसेल. बिचारी दोन रात्री झोपलेली नव्हती.

"म्या वरडलो, बंद करा. कुणाला ऐकू जायना. मंग पळत गेलो. डायवरला म्हनलो, बंद कर बाबा, माझी बाई बोलायली. त्यानं लगेच बंद केलं. पळत आलो, तर काही न्हाई."

सगळे गप्प उभे राहिले होते. टेम्पोतली पोरंसुद्धा. भाऊ ढिगावर कान लावून पडले होते. काही आलं नाही. संध्याकाळी जवान आले, त्यांनी दगड काढले. वच्छला अंथरुणावरच होती. बघणाऱ्यांनी सांगितलं, ही पहिल्याच धक्क्याला गेली, हिला कळलंही नसेल. म्हणजे आवाज आला नव्हता. नाही तर शेजारच्या ढिगाखालून दुसऱ्या कुणाचा आला होता. नाही तर तिचाच होता आणि बघणारे चुकले होते. यातलं काय खरं, ते त्यांना कधी कळलं नाही.

"गानं लागलं की खालून ऐकू येतंय," भाऊ म्हणाले. "बंद केलं की थांबतंय. पर बंद केल्याबिगर कसं कळावं, हाय का न्हाई?"

ताईंनी काय केलं म्हणाल, तर त्याही त्या अरुंद जागेत आडव्या झाल्या आणि फरशीला कान लावला. शेजारच्या बोअरची मोटर चालू होती, तिची घरघर आली. बाकी काही नाही. मेथीचा वास हाताला होता, एवढं त्यांना आठवतं.

मग त्यांनी विचारलं, "आन रुखसार?"

भाऊंनी पिन फरशीवर ठेवली. मग म्हणाले, "मला सांगायला पायजे हुतं."

दुसऱ्या दिवशी दोघंही रुखसार नव्या ठिकाणी राहत होती तिथं गेले. ताईंनी माझ्याकडून पत्ता घेतला होता. मुलगी दारात आली, पुस्तकात बोट घालूनच. भाऊंनी ताईंना बोलू दिलं नाही. त्यांनी स्वतः सांगितलं की वायर मी काढत होतो, तुझं नाव आलं तेव्हा मी गप्प बसलो. का काढत होतो तेही थोडक्यात सांगितलं. रुखसारनं ऐकून घेतलं. ती म्हणाली की भूकंपाच्या वेळी ती लहान होती, तिला फक्त अब्बा उचलून घेऊन पळाल्याचं आठवतं. परत राहायला ये असं ताई म्हणाल्या, तेव्हा तिनं नाही म्हटलं. पण परीक्षा संपेपर्यंत डबा तिनं पुन्हा ताईंकडून घेतला. भाऊ स्वतः सायकलवरून नेऊन द्यायचे.

ताईंनी कॉम्प्युटर झाकून ठेवला होता. आठवडाभर भिंतीपलीकडून काही आलं नाही. पण शांततेतही भाऊंना बरं वाटत नव्हतं. गाणं बंद असलं की आता ते वाट बघत बसायचे. चहा निवून जायचा. ऑफिसातून आले की चप्पल काढायच्या आधी फरशीकडं बघायचे. ताईंच्या लक्षात आलं की आवाज घालवून हे जाणार नाही. त्या म्हणाल्या, "मला तिची जागा दाखवा."

गाव आता दुसरीकडं वसलं आहे, सरळ रेषेतल्या सिमेंटच्या घरांचं. जुनी जागा तशीच टाकून दिलेली. भाऊ भूकंपानंतर तिकडं एकदाही गेले नव्हते. दोघं सकाळच्या एसटीनं गेले. बाभळी माजल्या होत्या. दगडांचे ढीग गवतानं झाकलेले, मधून शेळ्यांच्या वाटा. भाऊंनी एक ढीग दाखवला, हेच. ताईंनी सोबत आणलेली मेणबत्ती तिथं लावली. दोघं बसले. वारा होता, मेणबत्ती राहत नव्हती.

शेळ्या राखणारा एक म्हातारा जवळ आला. त्यानं भाऊंना ओळखलं. चंद्रप्पा त्याचं नाव, जुन्या गावातला. दोघांची विचारपूस झाली. मग तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "संघपाल, तुझं घर हे न्हवं. हे मलप्पाचं. तुझं तिकडं, लिंबाच्या पलीकडं."

भाऊंनी ऐकलं नाही आधी. म्हणाले, इथं विहीर होती. चंद्रप्पा म्हणाला, तुझ्या घराजवळची विहीर बुजवली, तुला वाटतीय ती दुसरी. तो त्यांना लिंबापलीकडं घेऊन गेला. तिथंही दगडच. बाभळीच. भाऊ दोन्ही ढिगांच्या मधे उभे राहिले आणि एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिले. ताई म्हणतात, आयुष्यात त्यांना सगळ्यात जास्त भीती तेव्हा वाटली. ज्या जागेत हा माणूस इतकी वर्षं कान लावून बसला होता ती जागाही त्याला आता नक्की सांगता येत नव्हती.

त्यांनी भाऊंचा हात धरला आणि दुसऱ्या ढिगावरही एक मेणबत्ती लावली. भाऊ खाली वाकले. कान लावतील असं ताईंना वाटलं. पण त्यांनी फक्त एक दगड उचलला, बाजूला ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. चंद्रप्पानंही काठी टाकली आणि दोन-चार दगड उचलू लागला. जरा वेळानं भाऊंना दम लागला आणि ते बसले. तेव्हा ते रडले. ताईंनी रडू दिलं.

परतीची एसटी चुकली. काळीपिवळी जीप मिळाली, माणसं कोंबलेली. ड्रायव्हरनं गाणी लावली होती, काचा थरथरत होत्या. ताईंनी ड्रायव्हरला सांगायला तोंड उघडलं, तर भाऊंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून थांबवलं. औशापर्यंत ते तसेच बसले. औसा सोडल्यावर त्यांचा हात घट्ट होत गेला. मग ते पुढं वाकून ड्रायव्हरला म्हणाले, "दादा, जरा बंद करता का?"

ड्रायव्हरला वाटलं, फोन आला असेल. त्यानं बंद केलं. जीपमधली माणसंही का कोण जाणे गप्प झाली. नुसतं इंजिन आणि रस्ता. एक लेकरू झोपेत कुरकुरलं. भाऊ डोळे मिटून बसले होते. मग म्हणाले, "हं. लावा आता."

त्या दिवसापासून घरात तीच रीत पडली. ताईंनी कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं. जिलानीभाईंना बोलावून स्पीकरची वायर लांब करून घेतली आणि बटण स्वयंपाकघराच्या दारात आणलं. जिलानीभाईंनी विचारलं, दोष सापडला का? ताई सापडला म्हणाल्या. काय होता ते त्यांनी सांगितलं नाही आणि जिलानीभाईंनीही पुढं विचारलं नाही. चहा पिऊन गेले.

भाऊ आता पिन काढत नसत. बाहेरच्या खोलीतून हात वर करायचे. ताई बटण दाबायच्या. दोघं ऐकायचे. कधी लगेच "लाव" यायचं, कधी फोडणी करपून जायची. पुढं कॉम्प्युटर गेला, मोबाइल आला, भाऊ सेवानिवृत्त झाले. हात वर करणं कमी झालं, पण थांबलं नाही.

आम्ही आता नांदेडला राहतो. मध्ये एका कामासाठी लातूरला गेले तेव्हा ताईंकडं उतरले. ताई पोळ्या करत होत्या, कट्ट्यावर मोबाइल वाजत होता. गल्ली ओळखू येत नव्हती, चार-चार मजले चढलेले, खालून वरपर्यंत मुलं. बोलता बोलता ताईंनी एकदम गाणं थांबवलं. मी मागं बघितलं. भाऊंचा हात वर होता. केस पूर्ण पांढरे झालेत.

आम्ही तिघंही गप्प राहिलो. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला.

मी ताईंना खुणेनंच विचारलं, तुम्हाला कधी आलं का ऐकू? त्यांनी मान हलवली, नाही. मग अगदी हळू म्हणाल्या, "पण मी बी नीट ऐकते. उगंच बंद करून बसत न्हाई."

तव्यावरची पोळी काळी पडली. त्यांनी ती उलटली नाही. भाऊ अजून ऐकत होते.